केसाहून पातळ थर

रात्री अंधारात उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटवर मोबाईलचा टॉर्च धरून बघा. गाडी काळी किंवा गडद निळी असेल तर पोटात गोळा येईल. उजेडाच्या ठिपक्याभोवती बारीक रेघांची गोल गोल वर्तुळं दिसतात, अगदी कोळ्याच्या जाळ्यासारखी. आता टॉर्च हातभर बाजूला सरकवा. वर्तुळंही मागोमाग सरकतात.

खरं तर तिथे एकही वर्तुळ नाही. चरे आहेत, हजारोंनी आहेत, पण ते वाटेल त्या दिशेने गेलेले. त्यातले जे उजेडाला आडवे येतात तेवढेच चमकतात, बाकीचे गप्प बसतात. ठिपक्याच्या चहूबाजूंनी अशी निवड झाली की आपल्या डोळ्यांना गोल जाळं दिसतं. घासून घासून गुळगुळीत झालेल्या स्टीलच्या भांड्याच्या तळाशीही हाच खेळ दिसतो. भांड्याचं काही बिघडत नाही. गाडीचं बिघडतं, आणि त्यात चिडायची गोष्ट ही की हे चरे कुणा वैऱ्याने किल्लीने ओढलेले नसतात. ते आपणच पाडलेले असतात, गाडी पुसता पुसता.

माझ्या पहिल्या गाडीवर मी हा उद्योग चार वर्षं केला. रोज सकाळी निघायच्या आधी एक मऊ, जुनं, कोरडं फडकं घ्यायचो आणि धूळ पुसायचो. गाडी जिवापाड जपतोय, असं मनापासून वाटायचं. पाचव्या वर्षी एका भूमिगत पार्किंगमधल्या पांढऱ्या दिव्याखाली ती उभी केली आणि माझं काम पहिल्यांदा नीट दिसलं.

रंगाच्या पोटात काय असतं

गाडीचा रंग ही एकावर एक चढवलेल्या थरांची चळत असते. उघड्या पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया करतात, म्हणजे पुढचे थर पत्र्याला घट्ट धरून बसतात. मग गाडीचा अख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून त्यातून वीज सोडतात. विजेच्या ओढीने रंगाचे कण पत्र्याच्या सांदीकोपऱ्यात जाऊन चिकटतात. याला ई-कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण २० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गंजाशी खरी झुंज हा थर देतो, आणि तो कधी दिसत नाही म्हणून त्याचं कौतुकही कुणी करत नाही. त्यावर ३०-४० मायक्रॉनचा प्रायमर, उंचसखलपणा भरून काढायला आणि बारीक खड्यांचा मार झेलायला. त्यावर बेसकोट, म्हणजे आपण ज्याला लाल, निळा, चंदेरी म्हणतो तो रंग. तो जेमतेम १५-२० मायक्रॉन असतो आणि नुसता पाहिला तर चक्क मंद, कोरडा दिसतो. चकाकी त्याची नसतेच. ती असते सगळ्यात वरच्या, रंगहीन थराची, क्लिअरकोटची. हा ४० ते ५० मायक्रॉनचा.

सगळे थर मिळून झाले १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे छपाईच्या एका कागदाएवढे किंवा थोडे जास्त. माणसाचा केस सरासरी ७० मायक्रॉन जाड असतो. ज्या क्लिअरकोटवर ऊन, पाऊस, धूळ, पक्षी आणि आपलं फडकं या सगळ्यांचा मारा होतो तो केसाहून पातळ आहे, आणि तो पुन्हा वाढत नाही. त्वचेसारखा तो भरून येत नाही. कारखान्यातून जेवढा मिळाला तेवढाच आयुष्यभर पुरवायचा असतो. रंगाची निगा म्हणून जे जे करायचं ते या एका हिशोबाशी ताडून बघितलं की काय करावं आणि कशावर पैसे घालवू नयेत, हे आपोआप कळत जातं.

क्लिअरकोटमध्ये उन्हातले अतिनील किरण शोषून घेणारी रसायनं मिसळलेली असतात. खालचा रंग उडत नाही तो त्यांच्या जिवावर. वर्षानुवर्षांच्या उन्हाने ती खर्ची पडतात. थर पातळ झाला तर संरक्षणही तेवढंच घटतं. मग तो आधी धुरकट होतो, पांढरट चट्टे पडतात आणि शेवटी पोपडे निघायला लागतात. छप्पर आणि बॉनेट यांच्यावर ऊन थेट पडतं, म्हणून सुरुवात तिथून होते. दारं बरीच वर्षं धड राहतात. एकदा पोपडे निघायला लागले की कुठल्याही डबीतल्या मलमाचा उपयोग नाही. घासून नव्याने रंग मारणं हाच उपाय उरतो.

इथे एका जुन्या सवयीचा उगम सांगायला हवा. पूर्वीच्या गाड्यांना वेगळा क्लिअरकोट नसायचा. रंग आणि चकाकी एकाच थरात असायची. उन्हाने त्याचा वरचा पापुद्रा मरायचा, लाल गाडी गुलाबी दिसायला लागायची. पॉलिश घासलं की मेलेला पापुद्रा निघून, फडक्याला गाडीचा रंग लागून, आतून ताजा लाल रंग वर यायचा. म्हणून ठरावीक काळाने पॉलिश करणं शहाणपणाचं होतं. १९८० च्या दशकात बेसकोट-क्लिअरकोटची पद्धत सर्रास झाली आणि हिशोब उलटला. सवय मात्र राहून गेली. आजही गाडी सर्व्हिसिंगला दिली की कुणीतरी ‘पॉलिश करून देऊ का?’ असं विचारतं, आणि आपण फुकट मिळतंय म्हणून हो म्हणतो.

धूळ मऊ दिसते, असते कठीण

धुळीत क्वार्ट्‌झचे, म्हणजे वाळूचेच, बारीक कण असतात. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोहस मापावर क्वार्ट्‌झ ७ वर आहे. खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. गाडीचा क्लिअरकोट म्हणजे शेवटी एक प्रकारचं प्लास्टिक, तो या दोघांच्या कितीतरी खाली. कोरडं फडकं धुळीवरून फिरवलं की फडक्यात अडकलेला प्रत्येक कण छिन्नीसारखा चालतो. फडकं किती मऊ आहे याला अर्थ नाही. चरा फडक्याने पडत नाही, फडक्यात अडकलेल्या कणाने पडतो. पिसांचं किंवा मेण लावलेल्या धाग्यांचं डस्टर फडक्यापेक्षा थोडं बरं, इतकंच. धुळीचा नुसता हलका थर असेल तर मी सरळ तसाच ठेवतो. धुळकट गाडी चालते, फक्त बघवत नाही.

म्हणजे धुण्याचा सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी असतो: कण रंगावरून घासत न नेता उचलून बाहेर काढायचे.

त्यासाठी हात लावायच्या आधी पाणी. भरपूर पाणी, वरून खाली. शक्य असेल तर शाम्पूचा फेस फवारून पाच मिनिटं तसाच सोडायचा, पण वाळू द्यायचा नाही. सुटं असेल ते एवढ्यानेच निघून जातं. मग दोन बादल्या घ्यायच्या, एक शाम्पूच्या पाण्याची, दुसरी साध्या. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून एक दार धुतलं की तो आधी साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत. पहिल्यांदा हे करून बघाल तेव्हा साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी साचलेला करडा गाळ हाताने चाचपून पाहा. तो बोटांना खरखरीत लागतो. एकाच बादलीने धुताना तो गाळ आपण दर वेळी उचलून गाडीवरच परत नेत होतो.

छप्पर आणि काचा आधी, मग बॉनेट, मग दारांचा वरचा भाग. चाकांजवळचा आणि बंपरचा खालचा भाग सगळ्यात शेवटी, कारण सगळ्यात जाड कचरा तिथे असतो. चाकांना वेगळी बादली, वेगळं फडकं. मोजा गोल न फिरवता सरळ रेषेत न्यावा. चुकून एखादा चरा पडलाच तर सरळ चरा एखाद्याच कोनातून दिसतो, गोल चरा कुठूनही दिसतो. दाब द्यायचा नाही. मोज्याचं स्वतःचं वजन पुरेसं आहे. फडकं किंवा मोजा जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरतं त्याचं काम संपलं. ‘झटकून घेतलं’ म्हणणाऱ्यांनी टॉर्चचा प्रयोग पुन्हा करावा.

भांडी घासायचा साबण गाडीला वापरू नये असं सांगतात. तो एका धुण्यात रंग खातो असं नाही, पण तेलकट सगळं काढणं हेच त्याचं काम असल्यामुळे आपण लावलेलं मेणही तो घेऊन जातो. गाडीचा शाम्पू गुळगुळीत असतो, त्यामुळे मोजा सरकतो आणि कण रंगावर घासले जात नाहीत. हा बुळबुळीतपणाच त्याचा मोठा गुण.

कोरडं करताना निम्मे लोक कमावलेलं घालवतात. शेवटचं पाणी नळीला तोटी न लावता, दाबाशिवाय, सपाट धारेने सोडलं तर ते चादरीसारखं ओघळतं आणि बरंचसं पाणी स्वतःबरोबर घेऊन जातं. उरलेल्यावर मोठा मायक्रोफायबर टॉवेल पसरायचा, वरून थोपटायचा आणि उचलायचा. घासायचं कशाला? मायक्रोफायबर धुताना कपडे मऊ करणारं द्रव घालू नका, त्याने धाग्यांची शोषायची ताकद जाते.

गोल फिरणाऱ्या ब्रशांच्या स्वयंचलित धुण्याबद्दल माझं मत कडवट आहे. आपल्या आधी तिथून चिखलाने माखलेली जीप गेली असेल, तर तिचा चिखल त्या ब्रशांत आहे. नुसत्या पाण्याच्या दाबाने धुणारी यंत्रं ठीक. मात्र दाबाची नळी रंगाच्या अगदी जवळ नेऊ नये, हातभर अंतर असावं. जिथे टवका उडाला आहे तिथे पाण्याची धार रंगाची कड उचलू शकते.

रंगावर बसणाऱ्या गोष्टी

पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते म्हणून रंग जळतो, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते खरं आहे, पण अर्धंच. उन्हात गडद बॉनेट ६०-७० अंशांच्या वर सहज तापतं. त्या उष्णतेने क्लिअरकोट किंचित मऊ होतो, प्रसरण पावतो. वरची विष्ठा त्याच वेळी वाळून कडक होत असते. संध्याकाळी गार होताना क्लिअरकोट आकसतो आणि त्या कडक झालेल्या खरखरीत साच्याचा ठसा घेतो. पुसल्यावर जो मंद, सुरकुतलेला डाग राहतो तो बराचसा हा ठसा असतो. म्हणून सावलीतल्या गाडीवर दोन दिवस राहिलेल्या विष्ठेने होत नाही ते नुकसान उन्हातल्या गाडीवर एका दुपारीत होतं.

काढायची पद्धत साधी आहे, घाई तेवढी करायची नाही. टिश्यू किंवा फडकं पाण्याने चिंब करून डागावर पाच-दहा मिनिटं ठेवा. मग चिमटीत धरून उचला. नखाने खरवडलं किंवा कोरडं पुसलं तर त्यातल्या बिया आणि वाळू रंगावरून घासल्या जातात. हाच उपाय गाडीच्या नाकावर आपटून मेलेल्या किड्यांना लागू. झाडाचा चीक मात्र पाण्याला दाद देत नाही. त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्याला लावून थोडा वेळ धरावं लागतं.

पाण्याचे पांढरे ठिपके दिसायला निरुपद्रवी वाटतात. जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब उडून जातो, क्षार मागे राहतात आणि उन्हात भाजून घट्ट बसतात. ताज्या ठिपक्यांवर पाणी मिसळलेलं पांढरं व्हिनेगर मिनिटभर लावून लगेच धुतलं तर क्षार विरघळतात. महिनोन्‌महिने राहिले तर खाली खळगा पडतो आणि मग पॉलिशशिवाय तो जात नाही. म्हणून उन्हात, तापलेल्या पत्र्यावर गाडी धुवू नये. पत्रा तापलेला असेल तर पाणी पुसायला जाईपर्यंत ठिपके तयार झालेले असतात.

पांढऱ्या गाडीवर जवळून पाहिलं तर नारिंगी बारीक ठिपके दिसतात. ‘नव्या गाडीला गंज!’ म्हणून लोक हबकतात. गाडीला गंज लागलेला नसतो. ब्रेक लावताना डिस्क झिजते, तिचे तप्त लोखंडी कण उडून रंगात रुततात आणि ते गंजतात. गडद गाडीवरही ते असतात, फक्त दिसत नाहीत. धुतलेल्या गाडीवरून पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बोटं फिरवली तर कणन्‌कण जाणवतो. हे कण काढायला खास द्रव मिळतं. ते लोखंडाशी भिडलं की जांभळं होतं आणि गाडीवरून जांभळे ओघळ वाहायला लागतात. दृश्य झकास, वास भयानक. उरलेलं काढायला क्ले नावाचा मातीच्या गोळ्यासारखा लवचिक पदार्थ, भरपूर निसरडं द्रव फवारून हलक्या हाताने फिरवतात. क्लेनेही बारीक चरे पडतात, त्यामुळे वर्षातून एकदोनदा, तेही पॉलिश किंवा कोटिंग करायचं असेल तेव्हाच.

ब्रेक फ्लुइड ही मात्र आणीबाणी आहे. नेहमीचं, ग्लायकॉलचं ब्रेक फ्लुइड रंग अक्षरशः सोलून काढतं. सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता; ते पाण्यात मिसळतं, हीच त्यातल्या त्यात जमेची बाजू.

पॉलिश म्हणजे खर्च

चरा हा पृष्ठभागातला खड्डा आहे. पॉलिश तो भरत नाही. पॉलिशमध्ये बारीक घासणारे कण असतात. ते चऱ्याच्या दोन्ही बाजूंची जमीन तासून चऱ्याच्या तळाच्या पातळीला आणतात. आजूबाजूचा डोंगरच कापला की दरी राहत नाही, इतकं सरळ. हलक्या पॉलिशने एकदोन मायक्रॉन जातात, जोरकस कंपाउंडिंगने, म्हणजे जाडसर कणांनी घासून, त्याच्या काही पट. हे काम करणारे लोक साधारण असं धरून चालतात की गाडीच्या आख्ख्या आयुष्यात क्लिअरकोटमधले आठ-दहा मायक्रॉन खर्चायला हरकत नाही, त्यापुढे ऊन सोसायची ताकद धोक्यात येते. आता दर सर्व्हिसिंगच्या फुकट पॉलिशचा हिशोब तुम्हीच करा.

मग चरा घालवायचा की राहू द्यायचा? दोन घरगुती चाचण्या आहेत. चऱ्यावर आडवं नख फिरवा. अडकलं तर चरा खोल आहे, पॉलिशने पूर्ण जाणार नाही, प्रयत्न केला तर क्लिअरकोट संपेल. दुसरी चाचणी पाण्याची. चऱ्यावर पाण्याचं बोट फिरवा. ओला असताना चरा दिसेनासा होत असेल तर तो क्लिअरकोटपुरताच आहे. पाणी खड्डा भरतं, प्रकाश विखुरायचा थांबतो. ओला असतानाही पांढरी-करडी रेघ दिसत राहिली तर प्रायमर उघडा पडला आहे. धातू चमकला तर मामला थेट पत्र्यापर्यंत गेला.

पाण्याची हीच करामत वापरून फसवणूकही होते. काही पॉलिशांत तेलं आणि भराव करणारे पदार्थ असतात. ते चऱ्यात जाऊन बसतात, गाडी आरशासारखी दिसते, आपण खूश होऊन घरी येतो आणि तीन-चार धुण्यांनंतर सगळे चरे परत हजर. काम खरं झालंय का हे बघायचं असेल तर गाडी ताब्यात घेण्याआधी एका कोपऱ्यावर पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्याने फिरवायला सांगा आणि मग टॉर्च लावा. ज्याने प्रामाणिक काम केलंय तो आनंदाने फिरवून दाखवेल.

रंगाची जाडी मोजायचं एक छोटं यंत्र असतं. पत्र्यावर टेकवलं की मायक्रॉनमध्ये आकडा येतो. हा आकडा सगळ्या थरांचा मिळून असतो, एकट्या क्लिअरकोटचा नाही, हे विसरू नये. कडा आणि वळणं यांच्यावर रंग आधीच पातळ असतो, बफिंगचं, म्हणजे पॉलिश घासायचं, यंत्र तिथेच सगळ्यात जोरात घासतं आणि खालचा बेसकोट तिथेच पहिल्यांदा उघडा पडतो. जाता जाता सांगतो, जुनी गाडी विकत घेतानाही हे यंत्र कामाचं आहे. इतर सगळीकडे १२० आणि एकाच दारावर २८० दाखवलं तर ते दार पुन्हा रंगवलेलं असणार. हजाराच्या आसपास गेलं तर रंगाखाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, भरली आहे, आणि मग ‘गाडीला कधी काही लागलेलं नाही’ या वाक्याकडे नव्याने बघावं लागतं.

वर काय चढवायचं

क्लिअरकोट वाचवायचा तर त्याच्यावर झिजायला दुसरं काहीतरी ठेवायचं, ही कल्पना फार जुनी. कार्नोबा मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळतं. ते ८२ ते ८६ अंशांना वितळतं, नैसर्गिक मेणांमध्ये हे बरंच चिवट. गडद रंगावर त्याची झाक सुंदर दिसते. टिकतं काही आठवडे, फार तर दोनेक महिने. कृत्रिम पॉलिमरचे सीलंट काही महिने टिकतात आणि तेवढेच सोपे. घरच्या घरी हाताने लावायचं असेल तर मी सीलंट सुचवेन.

‘टेफ्लॉन कोटिंग’ हा शब्द कानावर इतका बसलाय की त्याबद्दल बोलायलाच हवं. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, प्लास्टिकचा एक प्रकार. १९३८ साली रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट यांच्या हातून तो योगायोगाने सापडला. कशालाच न चिकटणं हा त्याचा गुण, त्यामुळे तो रंगालाही चिकटत नाही. तव्यावर तो बसतो कारण तिथे त्याला प्रचंड तापवून बसवतात. त्याचा वितळणबिंदूच ३२७ अंश आहे. गाडीच्या दाराला कुणी तेवढं तापवत नाही, तापवलं तर रंगच उरणार नाही. या नावाने जे लावतात त्यात काम करत असतं ते मेण किंवा पॉलिमर.

सिरॅमिक कोटिंग ही खरी सुधारणा आहे, पण तिच्याबद्दलच्या बाता तिच्यापेक्षा जाड आहेत. सिलिकॉनवर आधारलेलं द्रव रंगावर लावतात, ते हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन काचेसारखा कडक थर बनवतं. जाडी साधारण एक-दोन मायक्रॉन. रसायनांना दाद देत नाही, पाणी मोत्यांसारखं घरंगळतं, घाण सहज सुटते, धुणं निम्म्यावर येतं. चांगलं लावलं तर काही वर्षं टिकतं. एवढ्यासाठी ते घ्यायला माझी ना नाही.

पण ‘नाइन-एच कडकपणा’ म्हणजे चरा पडणारच नाही, हे खोटं. हे माप हिऱ्याचं नाही, पेन्सिलीचं आहे. मऊ ६बी पासून कडक ९एच पर्यंतच्या शिसपेन्सिली ठरावीक दाबाने पृष्ठभागावर ओढतात आणि कुठल्या पेन्सिलीने ओरखडा उठतो ते बघतात. नाइन-एच म्हणजे सगळ्यात कडक पेन्सिलीनेही उठला नाही. तुमच्या गाडीवरून पेन्सिली नाही, वाळू घासत जाणार आहे. शिवाय पाण्याचे मोती होतात म्हणून ठिपके पडत नाहीत, हाही गैरसमज. मोती जागेवरच वाळला तर त्यातले क्षार एका बिंदूत गोळा होतात, ठिपका उलट ठळक उमटतो. आणि एक: कोटिंगच्या आधी जे चरे असतील ते कोटिंगखाली जसेच्या तसे राहतात. म्हणून खरी मेहनत आणि खरा खर्च कोटिंगच्या आधीच्या तयारीत असतो. बाटलीवरच्या नावापेक्षा ती तयारी कशी करणार ते विचारा.

उडणाऱ्या खड्यांपुढे एक मायक्रॉनचं काहीच चालत नाही. तिथे लागते पीपीएफ, म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. हिची जाडी १५० ते २०० मायक्रॉन, गाडीच्या अख्ख्या रंगाहून जास्त. हिचं मूळ १९६० च्या दशकातलं, व्हिएतनाम युद्धातलं. वाळू आणि खड्यांनी हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा खाल्ल्या जात, म्हणून अमेरिकी सैन्याने त्यांच्यावर अशी फिल्म चिकटवायला सुरुवात केली. आजच्या चांगल्या फिल्मवरचे बारीक चरे उन्हाने किंवा गरम पाण्याने आपोआप मिटतात, कारण वरचा थर लवचिक असतो आणि ऊब मिळाली की मूळ आकारात येतो. महाग आहे. पण अख्खी गाडी गुंडाळायची गरज नसते. बंपर, बॉनेटची पुढची कड, आरसे, दाराच्या मुठीमागची नखांनी ओरबाडली जाणारी वाटी आणि मागच्या चाकापुढचा भाग एवढ्यावर लावली तरी बहुतेक मार तिथेच झेलला जातो. पुन्हा रंगवलेल्या भागावर लावताना मात्र सांभाळून, कारण पुढे फिल्म काढताना कच्चा रंग तिच्यासोबत सोलून येऊ शकतो.

फुकटातला उपाय म्हणजे अंतर. खड्याच्या माराची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट झाला की मार चौपट. खडीच्या ट्रकमागे चिकटून जाणाऱ्याला कुठलंच कोटिंग वाचवत नाही.

टवका उडालाच तर

टवका पत्र्यापर्यंत गेला की घड्याळ सुरू होतं. ओलावा आत शिरतो आणि गंज रंगाखालून सरकत जातो; वरून टाचणीच्या डोक्याएवढा दिसणारा ठिपका आत नखाएवढा असतो. पत्रा जस्ताचा थर दिलेला असेल तर जस्त आधी स्वतः झिजून लोखंडाला थोडी मुदत मिळवून देतं, पण मुदतच. बंपर प्लास्टिकचा असल्यामुळे तिथे गंजाची भीती नाही, तिथला टवका फक्त डोळ्यांना खुपतो.

टच-अपची छोटी बाटली गाडीच्या रंगाच्या कोडप्रमाणे घ्यायची. कोड बहुतेक गाड्यांत दाराच्या चौकटीवरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. ‘पांढरा’ म्हणून आणलेला पांढरा कधीच जुळत नाही. जागा अल्कोहोलने पुसून घ्या, गंज असेल तर टोकदार काहीतरी घेऊन खरवडून काढा, उघड्या पत्र्यावर प्रायमर लावा. बाटलीतला ब्रश बाजूला ठेवा, तो टवक्याच्या मानाने झाडूएवढा असतो. टूथपिकच्या टोकावर बारीक थेंब घ्या आणि टवक्याच्या मधोमध टेकवा. थेंब आपोआप कडेपर्यंत पसरतो आणि थांबतो. वाळताना तो आकसून खाली बसतो, म्हणून दर थराला नीट वाळू देऊन तीन-चार वेळा हेच करायचं. वरून क्लिअरचा एक थेंब. हातभर अंतरावरून टवका दिसत नाही, नाक टेकवलं तर दिसतो.

दार किंवा मडगार्ड पूर्ण रंगवून घ्यायची वेळ आली तर एक फरक लक्षात असू द्या. कारखान्यात क्लिअरकोट साधारण १४० अंशांना भाजतात. तयार गाडीत रबर, प्लास्टिक, तारा असल्याने गॅरेजमध्ये तेवढं तापवता येत नाही. तिथे हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारं रसायन, मिसळलेला रंग ६०-७० अंशांवर सुकवतात आणि तो आतून पक्का व्हायला काही आठवडे घेतो. तोवर त्यातली द्रावकं बाहेर पडत असतात, म्हणून महिना-दोन महिने त्यावर मेण, कोटिंग, फिल्म काहीच लावायचं नाही.

गाडीच्या कव्हरबद्दल सगळे विचारतात. स्वच्छ गाडीवर, हवा खेळणारं, घट्ट बसणारं कव्हर उन्हापासून आणि पक्ष्यांपासून छान वाचवतं. धुळकट गाडीवर सैल कव्हर घातलं तर ते वाऱ्याने फडफडून रात्रभर तेच करतं जे मी सकाळी फडक्याने करायचो. हवा न खेळणारं प्लास्टिक ओल कोंडतं. मॅट रंगाच्या गाडीला यातलं पॉलिशचं काहीच लागू नाही. घासलं की तिथे चकाकणारा डाग पडतो आणि तो कायमचा.

त्या पहिल्या गाडीचं काय झालं? भूमिगत पार्किंगमधल्या साक्षात्कारानंतर मी बॉनेट जोरात बफ करून घेतलं. फार सुंदर दिसलं. मग ‘आलोच आहोत तर’ म्हणून पुढच्या दोन सर्व्हिसिंगला पुन्हा. नंतर एका मित्राने जाडी मोजायचं यंत्र आणलं. दारांवर ११८, ११५, १२१. बॉनेटच्या मध्यावर ९६. पुढच्या कडेला ८४. ड्रायव्हरच्या बाजूला एक चरा अजून आहे, वीतभर लांब, नख अडकत नाही, पाणी लावलं की दिसत नाही. तासाभरात निघेल असा आहे. तो मी तसाच ठेवला आहे.